वेडा राघू: त्याच तारेवर परत येणाऱ्या पक्ष्याचा हिशेब

गुऱ्हाळांचा हंगाम भरात असतो तेव्हा, पौष-माघात, कोल्हापूरजवळ पंचगंगेकाठी प्रयाग चिखलीच्या बाजूला सकाळी नऊ-दहाला गेलात तर रस उकळायच्या काहिलीभोवती माणसांपेक्षा मधमाश्या जास्त दिसतात. रस सांडलेली जमीन, मळीची डबडी, ओल्या चिपाडांचे ढीग. जिथं गोड तिथं माश्या. आणि त्या माश्यांच्या वर, डीपीवरून मोटरीकडं जाणाऱ्या तारेवर, चार-पाच हिरवे पक्षी रांगेत बसलेले असतात. त्यातला एक मधेच सुटतो, हवेत गिरकी घेतो आणि फिरून त्याच तारेवर, त्याच जागी येऊन बसतो. थोड्या वेळानं पुन्हा सुटतो, पुन्हा तिथंच येतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका गुऱ्हाळावर मी मान वर करून उभा होतो. गुळव्या हातातलं काम जरा थांबवून म्हणाला, "काय बघतायसा सर? येडा राघू हाय त्यो. कुठं निघालाय त्येच इसरतंय आन् माघारी येतंय."

हे नाव त्यानं दिलेलं नाही. अख्खा महाराष्ट्र या पक्ष्याला वेडा राघू म्हणतो आणि कारणही बहुतेक ठिकाणी हेच सांगितलं जातं. पण इतकी वर्षं त्याच्यामागं फिरल्यावर माझं मत असं झालंय की आपल्या भोवतालच्या पक्ष्यांत इतका हिशेबी पक्षी शोधावा लागेल. तो तारेवर परत का येतो, सकाळी उशिरा का उठतो, मधमाशी खाऊन त्याला डंख का होत नाही, आपण बघत असलो की घरट्यात का जात नाही, या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. ती कारणं कळली की तारेवरचा तो इवलासा हिरवा ठिपका वेगळाच दिसायला लागतो.

आधी ओळख

शरीरानं चिमणीएवढा, पण सडपातळ. चोचीपासून शेपटीपर्यंत १६ ते १८ सेंटिमीटर, आणि शेपटीच्या मधल्या दोन पिसांच्या बारीक काड्या त्याच्याही पुढं साधारण ५ सेंटिमीटर निघालेल्या. वजन १५ ते २० ग्रॅम. दहा रुपयांची दोन नाणी तळहातावर घेतली की जेवढं वाटतं तेवढं. अंग गवती हिरवं, डोक्यावर आणि मानेवर तांबूस-सोनेरी झाक, गळ्याला फिकट निळसर रंग आणि त्या निळ्याखाली एक काळी रेघ, साजात बसवल्यासारखी. चोचीच्या मुळापासून डोळ्यातून मागं गेलेली काळी पट्टी, आणि त्या पट्टीत लालभडक डोळा. चोच काळी, लांब, खाली किंचित वाकलेली. उडताना पंख पसरले की आतली बाजू तांब्यासारखी चमकते. चार-सहा वेळा भराभर पंख मारायचे आणि मग ते ताठ पसरून तरंगायचं, ही त्याची चाल. त्या तरंगण्यावरूनच लांबून ओळखू येतो.

आवाजही लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'ट्री-ट्री-ट्री' अशी मऊ, थरथरती शीळ. मोठा आवाज नाही, पण ती एकदा कानात बसली की पक्षी दिसायच्या आधी कळतो.

नर आणि मादी सारखेच दिसतात. पावसाळ्याच्या तोंडाला मात्र काही राघू शेपटीच्या काड्यांशिवाय आणि गळ्यातल्या काळ्या रेघेशिवाय दिसतात. ती त्या वर्षीची पोरं. त्यांना बघून वेगळी जात समजू नका.

नावात राघू असला तरी पोपटाशी त्याचं काही नातं नाही. त्याची खरी भावकी खंड्या आणि नीलपंखाशी आहे. खंड्याचे पाय जवळून पाहिलेत तर पुढची बोटं एकमेकांना जोडलेली दिसतात, तशीच याची. असे पाय चालायला निकामी, बसायला पुरेसे. म्हणून वेडा राघू जमिनीवर चिमणीसारखा टुणटुणत दाणे टिपताना दिसणार नाही.

गोंधळ बहुतेक याच नातेवाइकांमुळं होतो. नीलपंख तारेवरच बसतो आणि रंगीतही आहे, पण तो जवळपास पारव्याएवढा, डोक्यानं मोठा, आणि भक्ष्यासाठी जमिनीवर उतरतो. खंड्याची चोच जाड आणि लाल, डोकं चॉकलेटी. वेडा राघू दोघांपेक्षा खूपच नाजूक, आणि त्याचं सगळं काम हवेत.

शास्त्रज्ञ त्याला मेरॉप्स ओरिएंटॅलिस म्हणतात. जॉन लॅथम या इंग्रज पक्षीशास्त्रज्ञानं १८०१ साली हे नाव दिलं. मेरॉप्स हा मधमाशीखाऊ पक्ष्यासाठीचा जुना ग्रीक शब्द, आणि ओरिएंटॅलिस म्हणजे पूर्वेकडचा. म्हणजे पाश्चात्त्यांनी त्याच्या खाण्याकडं बघून नाव ठेवलं आणि आपण त्याच्या फिरण्याकडं बघून.

रंगाबद्दल एक गोष्ट इथंच सांगतो, कारण शाळेतली मुलं हमखास विचारतात. त्याच्या गळ्याच्या निळ्या पिसात निळा रंग नसतो. ते पीस कुटून पूड केली तर हाताला निळं काही लागणार नाही. पिसाच्या आत इतकी बारीक स्पंजासारखी रचना असते की तिच्यावर पडलेल्या उजेडातला निळा भाग तेवढा उलट फिरून आपल्या डोळ्यांत येतो. अंगाच्या हिरव्या रंगातही या रचनेचा मोठा वाटा आहे. डोक्याचा तांबूस आणि डोळ्याजवळचा काळा मात्र खरे रंगद्रव्याचे. म्हणूनच ढगाळ दिवशी हा पक्षी मळकट दिसतो आणि ऊन पडलं की पेटल्यासारखा उजळतो. त्याला बघायला सकाळचं कोवळं ऊन पाठीशी घेऊन उभं राहावं.

परत येण्यातला हिशेब

आता मूळ प्रश्न. उडून गेलेला राघू त्याच जागी का येतो?

तो फक्त उडते किडे खातो. मधमाश्या, गांधीलमाश्या, पंख फुटलेले मुंगळे, पहिल्या पावसात उठणारी वाळवी, चतुर, भुंगे, फुलपाखरं. पानावर बसलेला किंवा जमिनीवरून सरपटणारा किडा त्याला सहसा नको असतो. उडतं भक्ष्य पकडायच्या दोन तऱ्हा आहेत. एक पाकोळीची: दिवसभर हवेतच राहायचं आणि समोर येईल ते गिळायचं. दुसरी राघूची: एका जागी बसून वाट बघायची आणि नेम धरूनच निघायचं. २० ग्रॅमच्या शरीराला उडणं फार महाग पडतं. एक माशी मिळवायला जेवढी ताकद गेली त्यापेक्षा माशीतून जास्त मिळाली तरच धंदा परवडतो. म्हणून तो बसून राहतो. आपल्याला वाटतं पक्षी निवांत आहे. त्याची मान बघा, एका मिनिटात किती वेळा वळते ती.

मग जागा कुठली निवडायची? भोवती मोकळं हवं, म्हणजे पाठलागात फांद्या आडव्या येणार नाहीत. फार उंच नको. मागं आकाश हवं, कारण आकाशावर काळा ठिपका लगेच उठून दिसतो. शेतातली विजेची तार या सगळ्या अटी पुऱ्या करते. तारा येण्याआधी तो बाभळीच्या वाळक्या फांदीवर, कुंपणाच्या खांबावर बसायचा, अजूनही बसतो. गुरं चरत असतील तर त्यांच्या पाठीवरसुद्धा बसतो, कारण खुरांनी गवतातले किडे उडतात.

अशी जागा एकदा सापडली की ती सोडणं हा तोटा. तिथून माश्यांची वाट कुठून कुठं आहे हे त्याला कळलेलं असतं. शिवाय दुसरं एक कारण आहे आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं: पकडलेला किडा तसाच गिळता येत नाही. तो आपटायला काहीतरी टणक लागतं. तार किंवा फांदी हे त्याचं बसायचं ठिकाण आहे तसंच ते त्याचं पाटा-वरवंटाही आहे. हवेत पकडलेला चतुर घेऊन तो परत येतो आणि चार-पाचदा तारेवर आपटतो, टकटक असा आवाज शांत सकाळी खाली ऐकू येतो. पंख गळून पडतात, कवच फुटतं, मग गिळतो.

मधमाशी असेल तर काम वाढतं. आधी चोचीच्या टोकात धरायची. चोच लांब आहे ती उगीच नाही, माशीची नांगी त्याच्या चेहऱ्यापासून लांब राहते. मग डोकं आपटून ती अर्धमेली करायची. मग चोचीतल्या चोचीत तिला सरकवून मागच्या टोकाजवळ पकडायचं आणि ते टोक तारेवर घासायचं. घासलं की विषाची पिशवी पिळली जाते, विष बाहेर येतं, बऱ्याचदा नांगीही निघते. वेड्या राघूच्या कुळातले पक्षी हे करताना डोळे मिटून घेतात. शिंतोडा डोळ्यात उडू नये म्हणून. दुर्बीण असेल तर हे नक्की बघा. आणि ज्याला नांगी नाही त्या चतुराला ते असं घासत बसत नाहीत, नुसतं आपटतात. म्हणजे तोंडात काय आलंय हे त्यांना नेमकं कळतं.

किड्यांची कवचं पोटात पचत नाहीत. ती काळपट गोळी होऊन तोंडावाटे बाहेर पडते. नेहमीच्या बैठकीखाली शोधलीत तर सापडते, बोटांनी चुरगळली की आतून पंखांचे आणि पायांचे चमकते तुकडे निघतात. पक्ष्यानं काय खाल्लं हे कळायला याहून सोपी रीत नाही.

मधपेट्या ठेवणारे लोक मला विचारतात, मग हा आपला शत्रू का? नुकसान होऊ शकतं, हे मी नाकारत नाही. नवी राणी मिलनासाठी बाहेर उडते त्या दिवसांत पेट्यांवरच्या तारेवर राघू बसले असतील तर ती एक माशी गेली म्हणजे वसाहतीचं भवितव्यच गेलं. पण एरवी तो ज्या माश्या धरतो त्या बाहेर चारा गोळा करणाऱ्या, म्हणजे आयुष्याचे शेवटचे आठवडे काढणाऱ्या कामकरी असतात. शिवाय पोळ्यांवर हल्ला करणाऱ्या गांधीलमाश्याही तोच खातो. पेट्या तारेच्या आणि वाळक्या झाडाच्या थेट खाली ठेवू नयेत, एवढी काळजी माझ्या मते पुरे.

दिवस आणि ऋतू

संध्याकाळी वेडे राघू एकत्र येतात. एखाद्या दाट झाडावर दोन-तीनशेसुद्धा जमतात. बसतात, कलकलाट करून सगळे एकदम उठतात, घिरटी घालतात, पुन्हा बसतात. अंधार पडेपर्यंत हे चालतं. मग एका फांदीवर खांद्याला खांदा लावून, मधे बोटभरही जागा न सोडता झोपतात. थंडीत त्याचा उपयोग उघड आहे. सकाळी इतर पक्षी कामाला लागले तरी हे चोच पाठीत खुपसून तारेवर बसलेले दिसतात. आळस वाटतो, पण गारठ्यात किडेच उडत नाहीत, तर उठून करायचं काय? ऊन चढलं, माश्या निघाल्या, की राघू निघाला. म्हणून गुऱ्हाळावर नऊ-दहाची वेळ सांगितली.

पावसाचंही तेच. झडीत किडे उडत नाहीत. आपल्या जिल्ह्यात गगनबावड्याकडं पाऊस कोसळतो आणि शिरोळकडं त्यामानानं किती कमी पडतो, हे सगळ्यांना माहीत आहे. ज्या भागात जोराचा पाऊस असतो तिथून वेडे राघू त्या महिन्यांपुरते कोरड्या भागाकडं सरकतात. आषाढात रंकाळा किंवा कळंबा तलावावर ते दिसेनासे झाले म्हणून काळजी करायचं कारण नाही. उघडीप झाली की शीळ पुन्हा ऐकू येते.

त्याची मोठी भावंडंही आपल्या जिल्ह्यात बघायला मिळतात. निळ्या शेपटीचा वेडा राघू आकारानं चांगला मोठा, गळा तांबूस, आणि तो पाण्याच्या आसपास जास्त. घाटाकडच्या झाडीत तांबड्या डोक्याचा, शेपटीला काड्या नसलेला. आणि राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात निळ्या दाढीचा, जवळपास ३६ सेंटिमीटरचा, जाडजूड चोचीचा. तो आग्या मोहोळाच्या माश्यांना चिथावतो आणि अंगावर आलेल्या माश्या टिपतो, असं अभ्यासकांनी पाहिलेलं आहे.

मातीतलं घर

मार्च ते जून हा त्याच्या विणीचा काळ. झाडावर घरटं बांधत नाही. उभ्या कापलेल्या मातीच्या दरडीत आडवं बीळ खणतो. नर-मादी दोघं आळीपाळीनं चोचीनं माती उकरतात आणि त्या इवल्या पायांनी मागं ढकलतात. बीळ पाच फुटांपर्यंतही लांब असू शकतं. त्याच्या वजनाशी तुलना करून बघा, म्हणजे कष्टाची कल्पना येईल. आत काडी नाही, पीस नाही. उघड्या मातीवर ३ ते ५ अंडी. ती गोलसर आणि पांढरीशुभ्र. उघड्यावर अंडी घालणाऱ्या टिटवीला ठिपक्यांचा रंग लपण्यासाठी लागतो, अंधारातल्या अंड्यांना त्याची गरज पडत नाही. दोन आठवडे दोघंही उबवतात, आणि पुढं तीन ते चार आठवड्यांनी पिल्लं बाहेर येतात.

ओढ्याची काठं, विहिरीच्या खोदाईची मातीची भिंत, रस्त्यासाठी कापलेली टेकडी, अशा जागा त्याला लागतात. पंचगंगेचा पूर काठ कापून जातो, २०१९ आणि २०२१ ला तो किती वर चढला होता हे कोल्हापूरकराला सांगायला नको. पूर ओसरल्यावर मागं राहिलेली ताजी उभी दरड पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या कामाची असते. वीटभट्टीसाठी माती उचलली की तिथंही तशीच दरड तयार होते. अडचण एवढीच की भट्ट्यांचा मातीचा उपसा आणि त्याची वीण एकाच उन्हाळ्यात येतात. एप्रिलमध्ये एका दरडीत मी सात बिळं मोजली होती, पुढच्या रविवारी तिथं सपाट जमीन होती. नंतर दुसऱ्या एका भट्टीवाल्याला मी बिळं दाखवली. तो म्हणाला, "एवढंच व्हय? मग पाऊस पडस्तवर ह्या अंगाची माती ऱ्हाऊ दे." त्यानं जेसीबी दुसऱ्या बाजूनं लावला. त्याचं काहीच नुकसान झालं नाही. तुमच्या ओळखीत कोणी माती उचलत असेल तर मार्चमध्ये जाऊन त्याच्याशी बोला, मेमध्ये फार उशीर झालेला असतो.

आता नावाच्या मुळावरच येणारी गोष्ट. पुण्याचे जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच वेड्या राघूवर केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. घरट्याजवळ माणूस उभा असला की राघू आत जायला कचरतो, हे कोणालाही दिसतं. त्यांनी विचारलं, तो कशाला घाबरतो? माणसाला, की माणसाला बीळ दिसण्याला? मग माणूस दोन ठिकाणी उभा केला. दोन्ही जागा बिळापासून सारख्याच अंतरावर. फरक एवढाच की एका जागेवरून बिळाचं तोंड दिसत होतं, दुसऱ्या जागेवरून आडोशामुळं दिसत नव्हतं. माणूस बीळ बघू शकत असेल तेव्हा राघू आत जायचं टाळत होते. बीळ दिसत नसलेल्या जागी तोच माणूस उभा असला तर जास्त वेळा आत जात होते.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. राघूला स्वतःला माणूसही दिसतोय आणि बीळही. पण तो निर्णय घेताना 'मला काय दिसतंय' एवढंच बघत नाही, 'त्या माणसाला तिथून काय दिसतंय' हे धरून वागतो. दुसऱ्याच्या जागी जाऊन बघणं ही कुवत माकडांत आहे का, माणसाच्या मुलात ती कितव्या वर्षी येते, यावर शास्त्रज्ञ फार दिवस वाद घालत आलेत. राघू मनात वाक्यं जुळवतो असं कुणी म्हणत नाही. पण त्याच्या वागण्यात समोरच्याच्या नजरेचा हिशेब आहे, हे त्या अभ्यासानं दाखवलं.

हे वाचल्यावर मी स्वतः करून बघितलं. मे महिना, ओढ्याच्या काठी, राहिलेल्या एका दरडीसमोर. राघू चोचीत चतुर घेऊन तारेवर बसला होता. मी वीस-पंचवीस पावलांवर, बीळ समोर. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. तो मान वळवून माझ्याकडं बघायचा, बिळाकडं बघायचा, चतुर तसाच धरून राहायचा. आतली पिल्लं उपाशी आहेत हे मनात येऊन मला बसवेना. मी उठलो आणि लांब न जाता बाजूच्या बाभळीमागं सरकलो. अंतर तेवढंच होतं. तिथून मला तार दिसत होती, राघू दिसत होता, दरडीचा वरचा काठ दिसत होता, बीळ तेवढं झाकलं गेलं होतं.

तो आत गेलेला अर्थातच मला दिसला नाही. तारेवरची जागा रिकामी झाली, आणि मातीच्या आतून बारीक 'ट्री-ट्री' सुरू झालं.